बसायचा ओटा

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावी यतीन गुप्तेच्या घराला पुढच्या बाजूने ओटा आहे. त्याच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, असा ओटा दुसऱ्या कुणाच्या दाराशी नाही. तिथली सगळी घरं रस्त्याला गराजचं तोंड दाखवतात आणि माणसं मागच्या अंगणात जगतात. त्यामुळे कुत्रं फिरवणारे थांबून विचारतात, हे काय आहे. यतीन सांगतो, बसायला आहे. ज्यांना बसायला हवा होता त्या वत्सलाबाई, म्हणजे त्याच्या सासूबाई, वऱ्हाडात आर्वीला असतात आणि आता इकडे येणार नाहीत. हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणी ताटकळायला नको. वत्सलाबाई गेल्या त्या ओट्यामुळेच गेल्या. ह्या नव्हे, आधीच्या.

यतीन मूळचा ठाण्याचा, नौपाड्यातला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढलेला. मेकॅनिकल इंजिनिअर झाला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्हिसावर मिशिगनला आला आणि गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. पुढची कितीतरी वर्षं त्याने माणूस बसतो कसा एवढाच विचार केला. गुडघा कुठे येतो, पाठ कुठे टेकते, पाच फुटांची बाई आणि सव्वासहा फुटांचा पुरुष एकाच सीटवर सुखाने कसे बसतील. मंदी आली तेव्हा कंपनीने माणसं काढली, त्यात हाही गेला. घरात बसून अर्ज करत राहायचा कंटाळा आला म्हणून त्याने घरामागचा कुजका डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा चौथरा, उखडला आणि स्वतःच्या हाताने नवा बांधला. शेजाऱ्याने तो कुंपणावरून पाहिला आणि म्हणाला, मलाही असा बांधून दे. तिथून धंदा सुरू झाला. मग गाड्यांच्या कंपन्या सावरल्या, परत बोलावणं आलं, पण हा गेला नाही.

आपल्या मराठी मंडळात ह्यावर बरंच बोलणं झालं. इंजिनिअर असून सुतारकाम करतो, बायकोच्या पगारावर चाललंय, वगैरे. गणपतीच्या जेवणात सत्यजितने पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय यतीनशेठ, सध्या कुठे खिळे ठोकताय?"

"खिळे नाही रे, स्क्रू," यतीन म्हणाला. "खिळे थंडीत वर येतात. तू अजून पॉवरपॉइंटच ठोकतोस ना?"

सत्यजित मंडळाचा अध्यक्ष. त्यालाही हसावं लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात त्याने यतीनकडून डेक बांधून घेतला.

यतीनची बायको प्रीता पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझ्या हाताखाली होती, म्हणून माझी ह्या घराशी ओळख. आता मी निवृत्त आहे, ती माझ्या खुर्चीवर आहे. मी जवळच ट्रॉयला राहते. माझं घर जुनं, मागे मोठा मेपल. डेक बांधायचा ठरवला तेव्हा आधी दोन कंत्राटदार येऊन गेले. दोघांनीही पहिलं वाक्य तेच म्हटलं, झाड काढावं लागेल. तिसरा यतीन आला. त्याच्या ट्रकमधून त्याने आधी टेप काढली नाही, एक घडीची खुर्ची काढली. ती गवतात मांडली.

"बसा काकू."

"मी उभी बरी आहे. तू कामाचं बोल."

"हेच काम आहे. बसा. आता सांगा, काय दिसतंय?"

"शेजाऱ्याची बार्बेक्यूची ग्रिल. आणि शेजाऱ्याचं पोट."

त्याने खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली. "आता?"

असं त्याने मला अंगणभर बसवलं. माझा संयम सुटत आला होता. शेवटी झाडाच्या बुंध्याजवळ बसवलं तेव्हा मात्र मला उठावंसं वाटेना. डेक त्याने त्या मेपलला मध्ये घेऊन बांधला, बुंध्याभोवती फळ्यांना मोकळी जागा ठेवून, झाडाला वाढायला. अजून आहे.

प्रत्येक वस्तीला तो वेगळा डेक द्यायचा आणि प्रत्येक ठिकाणी आधी खुर्ची मांडायचा. नोव्हायच्या नव्या वसाहतींत तळी असतात आणि घरमालकांच्या असोसिएशनचे नियम असतात. तिथे रंग ठरलेला, कठड्याची उंची ठरलेली, फळ्या लाकूड-प्लॅस्टिकच्या कॉम्पोझिटच्या. त्या चौकटीत राहून तो डेकचा एक कोपरा असा वळवायचा की पाणी दिसेल आणि शेजारचं जेवणाचं टेबल दिसणार नाही. डेट्रॉइटच्या पोटातल्या हॅमट्रॅमिकमध्ये घरं एकमेकांना चिकटून, अंगण म्हणजे चादरीएवढी जागा, आणि राहणारी कित्येक कुटुंबं बांगलादेशातली. त्यांना डेकपेक्षा वर मांडव हवा, दुधीच्या वेलाला. यतीनने तिथे डेकचे खांबच वर वाढवून मांडव करायला सुरुवात केली, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या ट्रकमध्ये हत्यारांबरोबर दुधी असायचे. आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले.

डेट्रॉइटच्या जुन्या वस्तीत त्याला एकदा मिसेस हॅरिस नावाच्या बाईंनी बोलावलं. विटांचं घर, मागे अंगण होतं, यतीन खुर्ची घेऊन मागे निघाला. त्या म्हणाल्या, मागे काय करू, मागे कोण आहे. त्यांना पुढचा पोर्च, दारासमोरचा छपराखालचा कट्टा, दुरुस्त करून हवा होता. तिथे बसून त्यांना रस्त्यावरचं प्रत्येक पोर माहीत होतं आणि पोरांनाही ते माहीत होतं की ह्यांना माहीत आहे. यतीन मला हे किती कौतुकाने सांगत होता. "काकू, त्या बाई घरातच बसतात आणि सगळ्या गल्लीत असतात." हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता वत्सलाबाई. प्रीता त्यांची एकुलती एक. वडील गेल्यावर तिने आईला इकडे आणायचं ठरवलं. ग्रीन कार्डाची सगळी यातायात केली, आणि नोव्हेंबरमध्ये वत्सलाबाई आल्या. ठेंगण्या, तरतरीत, नऊवारी सोडून पाचवारीत आलेल्या आणि त्यावर आन्याचं जुनं स्नो जॅकेट. आन्या म्हणजे नात, तेव्हा हायस्कूलमध्ये. ती आजीला इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि आजी तिला वऱ्हाडीत प्रश्न विचारायची, आणि दोघींचं बरं चाललं होतं. आपल्यासमोर प्रश्न एकच होता, त्यांचं इथे मन लागतं का नाही. लागलं तर त्या राहणार होत्या. नाही लागलं तर आर्वीला भावाच्या दारी एकट्या म्हातारपण काढणार होत्या. प्रीताचा जीव त्याच्यात अडकला होता, आणि प्रीताचा म्हणून यतीनचाही.

अडचण अशी की सासू आणि जावई एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं, उलट आदर होता, आणि तोच नडला. वत्सलाबाईंच्या मते जावयाशी सासूने थेट बोलू नये. यतीन हाताच्या अंतरावर बसलेला असायचा आणि त्या म्हणायच्या, "प्रीता, जवाईबापूंना विचार, चहा घेतील का." आणि हा ठाण्याचा शहाणा, तोही तेच शिकला. "प्रीता, आईंना सांग, नको." तो खोलीत आला की त्या खुर्चीवरून उठायच्या. मी एकदा म्हटलं, अहो बसा, तो काय कलेक्टर आहे का. त्या नुसत्या हसल्या आणि उभ्याच राहिल्या. प्रीता लॅबमध्ये, आन्या शाळेत, म्हणजे दिवसभर घरात कुणाचाही आवाज नाही. यतीन थंडीत घरीच नकाशे काढत बसायचा, त्या वरच्या खोलीत. दोघं दुपारचं जेवण वेगवेगळ्या वेळी जेवायची, एकमेकांना अवघड वाटू नये म्हणून.

एका रात्री सगळे जेवत होते. मीही होते. वत्सलाबाईंनी भाकरी केल्या होत्या आणि त्यांना त्या आवडल्या नव्हत्या.

"या काचेच्या शेगडीवर भाकर फुगत नाही बाप्पा," त्या प्रीताला म्हणाल्या. "जाळच नाही तर फुगीन कशी."

"छान झाल्यात गं आई."

"तू तर म्हणशीनच." मग थोड्या वेळाने, कशाला जोडून नाही, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सगळं आहे बाई तुह्या घरी. एक ओटा असता, तर दिवस गेला असता माहा."

यतीन वरण वाढून घेत होता. त्याने मान वर केली नाही, पण मी त्याचा चेहरा पाहिला. आईंना काहीतरी हवं आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे, हे त्याला कळलं होतं. इतके महिने त्याला आपण काय करावं हे सुचत नव्हतं. त्या रात्री तो आनंदात होता.

ठाण्याच्या दोन खोल्यांत ओटा एकच असतो. त्यावर गॅस असतो, खाली डबे असतात, रात्री तो पुसतात. पुण्यात वाढलेल्या मलाही ओटा म्हटलं की तोच आठवतो. आर्वीत ओटा दाराबाहेर असतो. दाराच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, बसायला. शब्द एकच. आणि आधी विषय भाकरीचा, शेगडीचा. यतीनला दुसरं काही वाटलं असतं तरच नवल.

पण प्रीता आर्वीची. तिला तरी कळायला हवं होतं, हे मी तिला नंतर तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "काकू, मी रोज रात्री ओरडते, ओटा पुसला का, ओट्यावर भांडी कुणी ठेवली. इतकी वर्षं. माझ्यासुद्धा डोक्यात तोच ओटा आला. मी तर यतीनला म्हटलं, किती छान कल्पना आहे." माणूस आपल्या माहेरचा शब्दसुद्धा असा सासरी देऊन टाकतो.

बर्फ वितळल्यावर त्याने काम काढलं. सरप्राइज द्यायचं होतं, म्हणून कुणी काही बोलायचं नाही. मापासाठी मात्र त्याला एकदा त्यांच्याजवळ जावंच लागलं. मी त्या दिवशी तिथे होते. हा टेप घेऊन आला, लाल झालेला.

"आई, जरा हात असा कोपरात वाकवून धराल का?"

वत्सलाबाईंनी पदर सारखा केला आणि शाळेतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. त्याने जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. त्यांना कळेना काय चाललंय. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बापू मले झंपर शिवतात की काय."

"सरप्राइज आहे, आई," यतीन म्हणाला. उद्घाटनापर्यंत तो त्यांच्याशी थेट बोलला ती बहुतेक हीच दोन वाक्यं.

ओट्याची उंची कोपराच्या जरा खाली हवी, म्हणजे थापताना खांदे दुखत नाहीत. दुकानातले सगळे ओटे उंच बायकांसाठी असतात. यतीनने हा वत्सलाबाईंच्या उंचीचा केला. मागच्या डेकवर, वर छप्पर, काळा ग्रॅनाइट, खऱ्या जाळाच्या दोन शेगड्या, हाताशी नळ, परात बसेल एवढा सपाट भाग. मागे भिंत घातली, वारा लागू नये म्हणून. ती भिंत घातल्यावर तिथून शेजारची घरं दिसेनाशी झाली, तळं दिसेनासं झालं. दिसायची फक्त शेगडी. मी इतके डेक पाहिले आहेत, पण इतकं सुबक काम त्याने दुसरं केलं नाही. आणि पहिल्यांदाच त्याने कुठेही खुर्ची मांडली नव्हती.

जूनमधल्या एका रविवारी उद्घाटन झालं. मंडळातले सगळे आले. वत्सलाबाईंना डोळे झाकून बाहेर आणलं, आन्या फोनवर शूटिंग करत होती, "आजी, look here, smile." त्यांनी डोळे उघडले. ओट्याकडे पाहिलं, शेगड्यांकडे पाहिलं, मग जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं.

"आई, तुमचा ओटा," यतीन म्हणाला.

त्यांनी ग्रॅनाइटवर हात फिरवला. "लई सुंदर आहे," त्या प्रीताला म्हणाल्या. "बापूंना सांग."

मग नारळ फुटला, शेगडी पेटली, आणि कुणीतरी म्हणालं, मावशींच्या हातची पहिली भाकरी झालीच पाहिजे. एक कशी होणार, एवढी माणसं. दुपारभर त्यांनी भाकरी थापल्या, पिठलं केलं, ठेचा केला. भाकरी टम्म फुगत होत्या. यतीन ताटं घेऊन शेजारी उभा, दर भाकरीला त्याचा चेहरा फुलायचा. सत्यजित म्हणाला, "मावशी, आता दर रविवारी आम्ही इथेच." ते थट्टेत होतं. पण माणसं खरंच यायला लागली.

सबंध उन्हाळा तसा गेला. रविवारी पाहुणे, आणि मधल्या दिवसांत यतीनची गिऱ्हाइकं. तो त्यांना नमुना दाखवायला आणायचा. "माझ्या सासूबाईंचा ओटा बघा." गोरी जोडपी यायची, उंची बघून अचंबा करायची, आणि वत्सलाबाई पदराला हात पुसत बाजूला उभ्या राहायच्या. कधी त्यांना एखादी भाकरी करून दाखवायला सांगायचा. अभिमानाने सांगायचा हो, दुसरं काही नव्हतं त्यात. त्या करून दाखवायच्या.

सप्टेंबरमध्ये त्या प्रीताला म्हणाल्या, मला दिवाळीला आर्वीला जायचं आहे. थंडी सोसत नाही. विमानतळावर यतीन त्यांच्या पाया पडला. त्या थेट त्याला म्हणाल्या, "चांगलं ठेवलं तुम्ही मले." तेच वाक्य धरून तो पुढे राहिला. दिवाळी झाली, संक्रांत झाली, उन्हाळा आला. त्या आल्या नाहीत. गुडघे दुखतात, भावाची तब्येत बरी नाही, पुढच्या वर्षी पाहू. प्रीता दोनदा जाऊन आली. परत येऊन काही बोलायची नाही. घरात ती आणि यतीन एकमेकांशी जपून बोलायला लागले, जसं आजारी माणूस असलेल्या घरात बोलतात. यतीन मला विचारायचा, "काकू, नळाची दिशा चुकली का? का काळा ग्रॅनाइट नको होता?" मागच्या ओट्यावर त्याने ताडपत्री घातली. दुसऱ्या कुणाच्या उंचीला तो येत नव्हता. वाकून प्रीताची पाठ धरायची.

गेल्या वर्षी अमरावतीला माझ्या दिराच्या नातीचं लग्न होतं. आर्वी तिथून लांब नाही. मी गाडी केली आणि गेले. कळवलं नव्हतं. भावाचं साधं सिमेंटचं घर, दाराला लागून शहाबादी फरशीचा ओटा, आणि ओट्यावर पाय खाली सोडून वत्सलाबाई बसलेल्या. मेथी निवडत होत्या. मला पाहून उठायला लागल्या, मीच त्यांच्या शेजारी बसले. मेथीची एक जुडी मीही घेतली.

अर्धा तास आम्हाला धड बोलता आलं नाही, कारण रस्त्याने जाणारं प्रत्येक माणूस थांबत होतं. बँकेतला मुलगा स्कूटर हळू करून म्हणाला, "आजी, पेन्शन जमा झालं." शाळेच्या पोरींनी विचारलं, "पाहुण्या कोन?" "अमेरिकेच्या हायेत," वत्सलाबाईंनी मला दाखवत सांगितलं. पोरी माझ्या चपलांकडे पाहून निराश झाल्या. एक भाजीवाली टोपली टेकवून नुसतीच बसली आणि सुनेची गाऱ्हाणी सांगून उठून गेली. मेथी संपली तरी माणसं संपली नाहीत.

मी म्हटलं, "इथे बरं वाटतं तुम्हाला."

"इथं दिवस जातो."

हे शब्द मी आधी ऐकले होते. कुठे, ते आठवायला मला क्षणभर लागलं. मग मी बसले होते त्या फरशीकडे पाहिलं.

"वत्सलाबाई, तुम्ही तिकडे ओटा मागितला होता."

"मागतला होता नं."

"म्हणजे हा?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "मंग दुसरा कोणता? मले ओटा पाहिजे होता बसाले. जवाईबापूनं देल्ला रांधाले."

मला आधी हसू आलं, आणि लगेच गेलं. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. त्यांना वाटलं होतं, जावयाने मुद्दाम तसं ऐकलं. सासू ठेवायची तर तिचा काही उपयोग हवा, असं त्याचं म्हणणं आहे आणि प्रीताला नवऱ्यापुढे बोलता येत नाही. त्याने माप घेतलं ते आठवून त्यांना वाईट वाटायचं. "बैलाले जू करतात तवा असंच माप घेतात," त्या म्हणाल्या. लोकांना ओटा दाखवायला आणायचा, ते तर त्यांना फारच लागलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक केला होता. म्हातारपणी एक जागा हवी होती जिथे हातात काही नसेल.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. मला राग आला होता, आणि कुणाचा ते नक्की कळत नव्हतं.

"जवायाच्या घरी राह्याचं अन् वरून त्याच्या कामाले नाव ठेवाचं?"

मी त्यांना ठाण्याच्या फ्लॅटचं सांगितलं. तिथे दुसरा ओटा नसतो हे सांगितलं. त्या मेथीच्या काड्या गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या पोरानं मनापासून केला होता."

"हो."

"अन् मी त्याले एक दिवस बरं नाही पाहिलं मनात."

परत आल्यावर मी नोव्हायला गेले आणि यतीनला सगळं जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायची मला सवय नाही, आणि गोड करण्यासारखं त्यात काही नव्हतंही. तो गराजमध्ये होता. ट्रकच्या मागे ती घडीची खुर्ची टेकवलेली होती. त्याने ऐकून घेतलं आणि तिच्याकडेच पाहत म्हणाला, "काकू, मी त्यांना बसवून विचारलंच नाही. सगळ्या गावाला विचारलं."

 मिसेस हॅरिसचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते त्याचं त्यालाही आठवलं असणार.

शनिवारी सकाळी माझ्यासमोरच त्यांनी आर्वीला फोन लावला, म्हणजे तिकडची संध्याकाळ. सवयीने तो म्हणाला, "प्रीता, आईंना सांग की..." प्रीताने फोन त्याच्या हातात ठेवला आणि ती बाहेर निघून गेली.

"आई, यतीन बोलतोय."

"बोला बापू. सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. आई, तो ओटा. आमच्या ठाण्याच्या घरात..."

"मले सांगितलं काकूंनी."

"मी विचारायला हवं होतं."

"मी सांगाले पाहिजे होतं बाप्पा."

 स्पीकरवर आर्वीतल्या कुठल्यातरी दुचाकीचा आवाज आला. दोघांनी आपापली चूक घेऊन टाकल्यावर बोलायला काही उरलंच नाही. शेवटी वत्सलाबाई म्हणाल्या, "ग्रॅनाइट मात्र सुंदर होता." यतीनने डोळे पुसले ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तो म्हणाला, "परत या आई. पुढे करतो, रस्त्याकडे." त्या म्हणाल्या, पाहू. पण पाहण्यासारखं काही नव्हतं. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलं की ग्रीन कार्डाचं काही खरं नसतं, आणि त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. प्रीताने वकिलाला विचारलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल म्हणाला. वत्सलाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, आता पुन्हा बोटांचे ठसे द्यायचं माझं वय नाही. त्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, रागाची समजूत काढता येते.

तरीही यतीनने ओटा बांधला. असोसिएशनच्या नियमात पुढच्या बाजूला डेक बसत नाही. तिथल्या अध्यक्षीणबाईंना त्याने घरी बोलावलं, दारापुढे खुर्ची मांडली, त्यांना बसवलं आणि विचारलं, काय दिसतंय. त्या तिथे बराच वेळ बसल्या. दोन शेजारी येऊन त्यांच्याशी बोलून गेले. मग त्या म्हणाल्या, घरांच्या पायाला जो दगड आहे तोच लाव, म्हणजे कुणी काही म्हणणार नाही. त्याने तोच लावला.

त्या ओट्यावर मी बसते तेव्हा माझे गुडघे वर येतात. यतीनचे तर हनुवटीशी येतात. प्रीता, आन्या, कुत्रेवाले, कुणालाच तो धड होत नाही, फार बुटका आहे. वत्सलाबाईंच्या कोपराचं माप त्याच्याकडे होतं, आणि कोपराच्या मापावरून गुडघ्याची उंची काढणं हेच तर तो त्या सीटांच्या कंपनीत करत आला होता. त्यांचे पाय जमिनीला बरोबर टेकतील एवढाच तो उंच आहे.

परवा मी त्याला म्हटलं, "अरे, वर एक दगडाचा थर चढव. बसणारी माणसं आता आम्हीच आहोत. कंबर जाते."

तो पाय लांब सोडून बसला होता, रस्त्यावर येतील अशा बेताने.

"राहू दे काकू," तो म्हणाला.